गोळ्या थांबवून प्रतिपिंडाची वाट पाहावी का?

कराडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपशीर करून येथे देत आहे.

‘माझे यजमान ५९ वर्षांचे आहेत. मार्चच्या शेवटी दुचाकीवरून पडून त्यांच्या डाव्या पायाचे हाड मोडले आणि प्लास्टर घातले. तिसऱ्या आठवड्यात मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला. आठ दिवस रुग्णालयात होते, त्यातले तीन दिवस अतिदक्षता विभागात. रक्तदाब चांगला असल्यामुळे गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून रक्त पातळ करण्याची गोळी दिवसातून दोन वेळा चालू आहे. आता सहा महिने होत आले, तरी संध्याकाळी पाय सुजतो, जिना चढताना मधेच थांबावे लागते आणि परवाच्या डॉपलर सोनोग्राफीत “जुनी गुठळी आहे” असे लिहून आले. पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगा म्हणतो, की या गोळ्या मुळात गुठळी विरघळवतच नाहीत, परदेशात आता गुठळी विरघळवणारी अँटिबॉडी निघाली आहे, तेव्हा गोळ्या थांबवून तीच मागवू. हे खरे आहे का? ती कोठे मिळेल आणि खर्च किती येईल? ते इंजेक्शन तेव्हाच का दिले नाही, याची मनाला रुखरुख लागून राहिली आहे. आणखी एक, कार्तिकीला आम्ही दर वर्षी पंढरपूरला जातो. यंदा जावे का?’

सप्रेम नमस्कार.

यजमानांची आज रात्रीची गोळी चुकवू नका आणि उद्या सकाळचीही नाही. बाकीचे सविस्तर लिहितो, पण एवढे चिरंजीवांना आधी वाचून दाखवा. दिवसातून दोनदा घ्यायच्या या गोळ्यांचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर एकदोन दिवसांत ओसरतो. ज्याच्या फुप्फुसात एकदा गुठळी गेली आहे त्याने ती गोळी कधी थांबवायची, हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

चिरंजीवांनी जे वाचले आहे त्यातले एक विधान मात्र अगदी बरोबर आहे. ही गोळी गुठळी विरघळवत नाही. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव आपल्याकडे इतके रुळले आहे, की रुग्णांशी बोलताना मीही तेच वापरतो. प्रत्यक्षात दुधात पाणी घालावे तसे काही तिच्यामुळे रक्ताचे होत नाही. रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतील एक दुवा ती अडवते, त्यामुळे असलेली गुठळी वाढत नाही आणि नवी धरत नाही. झालेली गुठळी काढण्याचे काम शरीर स्वतःच करत असते, आणि गोळी नसेल तर एका बाजूने शरीर गुठळी संपवत असताना दुसऱ्या बाजूने तिच्यावर नवे थर चढू शकतात. म्हणजे ‘गोळी विरघळवत नाही’ या खऱ्या विधानातून ‘गोळी निरुपयोगी आहे’ असा जो निष्कर्ष काढला गेला, तो चुकीचा आणि धोक्याचा आहे.

शरीर हे काम कसे करते, ते समजल्याशिवाय नव्या प्रतिपिंडाचे मर्म कळणार नाही. (अँटिबॉडीला, म्हणजे एकाच लक्ष्याला नेमके ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाला, मी पुढे प्रतिपिंडच म्हणेन.) रक्त गोठते तेव्हा फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते. गरज संपली की हे जाळे काढावे लागते, म्हणून रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन सतत निद्रिस्त अवस्थेत फिरत असते. रक्तवाहिनीच्या अस्तरातून स्रवणारे टीपीए नावाचे द्रव्य त्याला गुठळीवर जागे करते, त्याचे प्लाझ्मिन होते आणि ते प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे कुरतडू लागते. कोविडच्या काळात घराघरांत माहीत झालेली डी-डायमर तपासणी म्हणजे याच कुरतडलेल्या धाग्यांच्या तुकड्यांचे मोजमाप होय.

मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधलेले तुम्ही पाहिले असेल. ते नसेल तर बैल मळता मळता रासच खाऊन टाकेल. प्लाझ्मिनलाही असेच मुसके लागते, कारण ते फायब्रिनवरच थांबत नाही, तर रक्त गोठवण्यासाठी लागणारी इतर प्रथिनेही फोडते. शरीरातील या मुसक्याचे नाव अल्फा-टू-अँटिप्लाझ्मिन. जपान, बेल्जियम आणि डेन्मार्क येथील संशोधकांनी ते १९७६ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे ओळखले. मोकळ्या रक्तात सापडलेले प्लाझ्मिन ते सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास निकामी करते. गुठळी बनत असताना आणखी एक गोष्ट घडते, ती आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. फॅक्टर तेरा हे विकर (एन्झाइम) या अँटिप्लाझ्मिनला फायब्रिनच्या धाग्यांशी पक्के जोडून टाकते. गुठळीचे संरक्षण असे गुठळीच्या आतच शिवलेले असते. जखमेवरची खपली दुसऱ्या दिवशी विरघळून पुन्हा रक्त वाहू लागत नाही, याचे एक कारण हे आहे.

नवे प्रतिपिंड या मुसक्याला जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते. ते स्वतः गुठळीचा एकही धागा तोडत नाही. तोडणारे प्लाझ्मिन तुमचे स्वतःचेच असते, त्याला अडवणारे काही काळ बाजूला होते, इतकेच. ‘गुठळी विरघळवणारी अँटिबॉडी’ या शब्दप्रयोगामुळे बाहेरून काही आम्लासारखे आत सोडले जाते अशी समजूत होते, म्हणून हे मुद्दाम स्पष्ट केले.

ही कल्पना काल सुचलेली नाही. एकाच रेणूला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची रीत केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली, त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. अल्फा-टू-अँटिप्लाझ्मिनला रोखणारे प्रतिपिंड टीपीएच्या जोडीला दिले, तर गुठळी विरघळण्याचा वेग कितीतरी वाढतो, हे गाय रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९० मध्ये प्रयोगातून प्रसिद्ध केले. त्याच विचारातून पुढे आलेले टीएस२३ नावाचे प्रतिपिंड निरोगी स्वयंसेवकांवरील पहिल्या टप्प्यातून पार पडून आता रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत आहे. यांतील एक चाचणी फुप्फुसातील गुठळीसाठी आहे. दुसरी, सिस्टर या नावाची, मेंदूतील रक्तवाहिनी बंद झाल्याने पक्षाघात झालेल्या आणि नेहमीच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेलेल्या, पण २४ तासांच्या आत आलेल्या रुग्णांसाठी आहे. याच अँटिप्लाझ्मिनविरुद्धच्या दुसऱ्या एका प्रतिपिंडाची पायाच्या शिरेतील ताज्या गुठळीसाठीची दुसऱ्या टप्प्यातील चाचणी बायर कंपनीने हाती घेतली आहे.

एका कल्पनेवर इतकी वर्षे चिकाटीने काम का झाले, हे समजायला आज आमच्या हाती काय आहे ते पाहावे लागेल. स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेस आणि पुण्यातील जेनोव्हा कंपनीही बनवते ते टेनेक्टेप्लेस, ही सगळी इंजेक्शने प्लाझ्मिनोजेनला मोठ्या प्रमाणावर जागे करतात. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला कृतज्ञताच वाटते. पण निवासी डॉक्टर असताना हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णाला १५ लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज तासाभरात चढवून पुढची सगळी रात्र त्याच्या हिरड्या, लघवीचा रंग आणि बोलण्यातील स्पष्टता पाहत खाटेशेजारी काढलेल्या रात्री मी विसरलेलो नाही. औषध योग्य होते, दिले तेही योग्य वेळी दिले होते, तरी ते शरीरात गेल्यावर कोठे रक्तस्राव करील, हे आमच्या हाती नसायचे. पक्षाघातासाठी अल्टेप्लेसची उपयुक्तता सिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील १९९५ च्या प्रसिद्ध चाचणीतही लक्षणे निर्माण करणारा मेंदूतील रक्तस्राव औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना झाला, तर न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. एकूण लाभ जास्त होता, म्हणूनच ते औषध आजही देतात, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत ही अशी आहे. (स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूपासून मिळत असल्याने शरीर त्याच्याविरुद्ध स्वतःचे प्रतिपिंड तयार करते आणि म्हणून ते त्याच रुग्णाला सहसा पुन्हा देत नाहीत. येथे प्रतिपिंड हे गुठळी विरघळवण्याच्या आड येणारे होते, आणि आता तेच मदतीला बोलावले जात आहे.) प्लाझ्मिनचा पूर आणण्याऐवजी गुठळीतील अडथळा काढला, तर गुठळी विरघळेल आणि रक्तस्राव मात्र वाढणार नाही, अशी या संशोधनामागची आशा आहे. उंदरांवरील प्रयोगांत तसे दिसलेही आहे.

आशा मलाही वाटते. तरीही मी सावध आहे, आणि त्याची कारणे तुम्हाला सांगितली पाहिजेत. हे मुसके निसर्गाने उगाच बांधलेले नाही. जन्मतःच अल्फा-टू-अँटिप्लाझ्मिन नसलेला पहिला रुग्ण जपानी संशोधकांनी १९७८ मध्ये नोंदवला, आणि त्याला आयुष्यभर गंभीर रक्तस्रावाचा त्रास होता. दुसरे असे, की अल्टेप्लेसचे रक्तातील प्रमाण साधारण पाच मिनिटांत निम्म्यावर येते, म्हणून रक्तस्राव सुरू झाला तर सलाईनमधून चाललेले औषध थांबवून थोडा तरी उपाय करता येतो. प्रतिपिंडे मात्र सर्वसाधारणपणे दिवसेंदिवस, कधी आठवडेही रक्तात टिकतात. त्या काळात रुग्णाला तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर चाचण्यांनीच द्यायचे आहे. आणि प्राण्यांत दिसलेले माणसात दिसतेच असे नाही. पक्षाघातावरील प्रतिपिंडांचा इतिहास तर मन खट्टू करणारा आहे. रक्तबिंबिकांना (प्लेटलेट्सना) रोखणाऱ्या ॲबसिक्सिमॅबची पक्षाघातातील मोठी चाचणी रक्तस्रावामुळे २००५ मध्ये थांबवावी लागली. अशाच दुसऱ्या एका बिंबिकारोधक प्रतिपिंडाच्या, ग्लेंझोसिमॅबच्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या अपंगत्वात अपेक्षित फरक दिसला नाही, हे २०२४ मध्ये जाहीर झाले. ही दोन्ही औषधे अँटिप्लाझ्मिनवर काम करणारी नव्हती, त्यामुळे टीएस२३ चेही तसेच होईल असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या टप्प्यात असलेल्या औषधाला ‘निघाले आहे’ म्हणणे योग्य नाही, एवढे नक्की.

त्यामुळे ‘कोठे मिळेल आणि खर्च किती’ या प्रश्नाचे उत्तर असे, की हे लिहीत असताना असे कोणतेही प्रतिपिंड गुठळी विरघळवण्यासाठी विक्रीला मंजूर झालेले नाही, भारतात नाही आणि अमेरिकेतही नाही. ज्याची विक्रीच नाही त्याला किंमत असू शकत नाही. चिरंजीवांना कोणी दूरध्वनीवर किंवा संकेतस्थळावरून ते ‘मागवून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. आपल्या देशात औषधाची चाचणी चालू असेल तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि चाचणीतील औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. नाटोकायनेजसारख्या ‘गुठळ्या वितळवणाऱ्या’ कॅप्सूलच्या जाहिराती आणि निरनिराळे काढे यांविषयी एवढेच सांगतो, की चालू गोळीच्या जोडीला ते घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. गुडघा किंवा कंबर दुखली म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाचेही तसेच आहे.

समजा, उद्या हे प्रतिपिंड मंजूर झाले, तरी तुमच्या यजमानांना त्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. ते ताज्या गुठळीसाठी आहे, तासांच्या किंवा फार तर काही दिवसांच्या. सहा महिन्यांनी डॉपलरमध्ये जे दिसते ते बहुतेक वेळा फायब्रिनचे जाळे राहिलेलेच नसते. शरीराने त्यातले बरेचसे विरघळवलेले असते, उरलेल्यात पेशी शिरून त्याचा व्रणासारखा चिवट तंतुमय पट्टा झालेला असतो आणि तो शिरेच्या भिंतीला चिकटून बसतो. प्लाझ्मिनला तेथे कुरतडायला काही उरत नाही, मग त्याचे मुसके काढून काय साधणार? असे अवशेष अनेक रुग्णांत दिसतात, आणि त्यांचा अर्थ औषध लागू पडले नाही असा होत नाही. ‘जुनी गुठळी’ या दोन शब्दांनी घरोघर किती धास्ती निर्माण होते, हे मी रोज पाहतो. अहवालासोबत त्याचा अर्थ सांगण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे, आणि ती आम्ही पुरेशी पार पाडत नाही.

आता तुमची रुखरुख. यजमानांना तेव्हा इंजेक्शन दिले नाही, तो निर्णय योग्य होता असे तुमच्या वर्णनावरून मला वाटते. फुप्फुसात गुठळी गेल्यावर रक्तदाब कोसळला तर ते इंजेक्शन जीव वाचवते आणि तेथे मागेपुढे पाहत नाहीत. पण रक्तदाब टिकून असलेल्या, तरी हृदयावर ताण दिसत असलेल्या १००५ रुग्णांवर युरोपात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा प्रश्न नीट तपासला गेला. टेनेक्टेप्लेस दिलेल्यांपैकी २.६ टक्के रुग्ण पहिल्या आठवड्यात दगावले किंवा त्यांचा रक्तदाब कोसळला, न दिलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. हा फायदा खरा होता. मात्र मेंदूत रक्तस्राव इंजेक्शन घेतलेल्यांपैकी २ टक्के रुग्णांना झाला, आणि न घेतलेल्यांत तो ०.२ टक्के होता. त्यातही नुकतेच हाड मोडलेल्या माणसात रक्तस्रावाची भीती अधिकच. पायातील गुठळी नळी घालून विरघळवली असती तर सूज टळली असती का, असेही तुमच्या मनात येईल. ६९२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, पायाचा दीर्घकालीन त्रास तसे केलेल्यांत ४७ टक्के आणि न केलेल्यांत ४८ टक्के निघाला. त्या वेळी हातची संधी निसटली असे समजून स्वतःला किंवा डॉक्टरांना दोष देऊ नका.

तुमच्या पत्रातील ज्या ओळीने मला अस्वस्थ केले ती वेगळीच आहे, आणि तुम्ही ती ओघात लिहून पुढे गेला आहात. जिना चढताना त्यांना मधेच थांबावे लागते. हे पायाच्या दुखण्यामुळे असेल, सहा महिने हालचाल कमी झाल्याने दम उरला नसेल, वजन वाढले असेल. परंतु फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांमध्ये ती पूर्ण विरघळत नाही, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत व्रणासारखे पट्टे राहतात, तेथील दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. तीन महिने गोळ्या घेऊनही दम लागत असेल तर हे तपासलेच पाहिजे. हृदयाचा इको कराडमध्येच होईल. त्यात दाब वाढलेला दिसला, तर फुप्फुसातील हवा आणि रक्तपुरवठा यांचा मेळ पाहणारे स्कॅन मोठ्या शहरात करावे लागते. हा आजार ओळखला गेला तर त्यावर शस्त्रक्रिया आहे, पट्टे सोलून काढतात, आणि योग्य रुग्णात ती आजार बराही करते. ओळखलाच गेला नाही तर तो वाढत जातो. मुलाने प्रतिपिंड शोधण्यासाठी जो वेळ आणि जी तळमळ खर्च केली, ती या आठवड्यात वडिलांचा इको करून घेण्याकडे वळवावी, अशी माझी त्याला आग्रहाची विनंती आहे. चालता चालता भोवळ आली, छातीत दुखले, थुंकीत रक्त दिसले किंवा दम अचानक वाढला, तर इकोच्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

त्याच भेटीत डॉक्टरांना गोळी किती काळ चालवायची हेही विचारा. प्लास्टरसारख्या तात्पुरत्या कारणाने झालेल्या गुठळीसाठी निदान तीन महिने गोळी देतात आणि पुढे ती अनेकदा थांबवता येते. मात्र यजमानांचा दम लागण्याचा उलगडा होईपर्यंत तसा निर्णय घेऊ नये. फुप्फुसाच्या त्या आजाराचे निदान झाले, तर गोळी कायम घ्यावी लागेल.

पायाची सूज शिरेतील झडपा नादुरुस्त झाल्यामुळे असावी. रोज चालणे, बसताना पाय उंचावर ठेवणे आणि मापाने घेतलेला दाबाचा मोजा दिवसा घालणे यांनी बराच आराम पडतो. मोज्याने हा त्रास मुळातून टळतो का, याबाबत चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे बरे वाटत असेल तरच घाला, केवळ कर्तव्य म्हणून नको. पायाची धमनी चांगली आहे ना, हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्या.

आणि पंढरपूर. इकोचा अहवाल चांगला आला आणि तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर जरूर जा. एसटीने जाणार असाल तर वाटेत गाडी थांबेल त्या प्रत्येक स्थानकावर यजमानांना खाली उतरून पाच मिनिटे चालायला सांगा, आणि उतरावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू देऊ नका. गोळ्या मोठ्या पिशवीत न ठेवता तुमच्या हातातील पर्समध्ये ठेवा, दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या, आणि गोळीचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असू द्या. कार्तिकीच्या गर्दीत पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे त्यांच्या पायाला सोसणार नाही, म्हणून यंदा मुखदर्शनाच्या रांगेतूनच दर्शन घ्या.